कस्टम कर्नल न गमावता डेबियन १२ वरून १३ वर: सीएनसीच्या पीसीसाठी टप्प्याटप्प्याने

"अपग्रेड केलं आणि आमचा कर्नल उडाला." वाळूजच्या जॉबवर्क शॉपमधून, जालन्याहून, लातूरच्या एमआयडीसीतून येणारे बहुतेक फोन याच वाक्यानं सुरू होतात. मशीनही साधारण एकाच प्रकारची असते. जुनी मिलिंग, तिचा मूळ कंट्रोल जळालेला, त्या जागी पीसी बसवून डेबियन लिनक्स आणि मशीन चालवणारं लिनक्ससीएनसी टाकलेलं, आणि त्यासाठी कुणीतरी मेहनतीनं बांधलेला रिअलटाइम कर्नल, म्हणजे ठरल्या क्षणी हुकूम पाळणारा सिस्टिमचा गाभा.

कर्नल उडालेला नसतो. तो /बूट फोल्डरमध्ये जिथल्या तिथे असतो. डेबियन १३ सोबत ६.१२ मालिकेचा कर्नल आलेला असतो आणि ग्रब, म्हणजे पीसी चालू होताना कर्नल निवडणारा प्रोग्राम, मोठा आकडा दिसला की त्यालाच वर बसवतो. मशीन त्या साध्या कर्नलवर चालू होते, स्क्रीन नेहमीसारखीच दिसते, आणि इथेच घात होतो. वाळूजच्या एका शॉपमध्ये मी हे जवळून पाहिलं. सकाळी ॲक्सिस नेहमीप्रमाणे हलत होते, पण जुन्या टर्नरनं हात वर केला आणि म्हणाला, "साहेब, आवाज बघा, गुरगुरतीये." मोटरला स्टेप सारख्या अंतरानं मिळत नव्हत्या. लिनक्ससीएनसी टर्मिनलमधून उघडलं तर पहिल्याच ओळींमध्ये "पॉसिक्स नॉन-रिअलटाइम" असं लिहिलेलं होतं, म्हणजे रिअलटाइम चालूच नव्हतं. तोवर ॲल्युमिनियमचे दोन जॉब भंगारात गेले होते.

खालच्या सगळ्या टप्प्यांमागे एकच नियम आहे: एका रीबूटमध्ये एकच बदल. सिस्टिम बदलायची असेल तर कर्नल जुनाच ठेवा, कर्नल बदलायचा असेल तर सिस्टिमला हात लावू नका. दोन्ही एकदम बदललं आणि बिघडलं, तर दोष कुणाचा हे शोधण्यात दिवस जातो.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. जोडरेघ, दोन रेघा, तिरकी रेघ जिथे दिसेल तिथे तशीच.

## टप्पा १: मशीन अपग्रेडच्या लायक आहे का

डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलं. त्यात ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि अधिकृत कर्नलही नाही. 'युनेम -एम' चालवा. उत्तरात आय६८६ आलं तर इथेच थांबा. त्या पीसीला १२ वरच राहू द्या किंवा पीसी बदला.

डेबियन ११ वरून थेट १३ वर उडी मारू नका. आधी ११ वरून १२, तिथे मशीन दोन-चार दिवस चालवून बघायची, मग १३.

दिवस साप्ताहिक सुट्टीचा निवडा, पण त्याच दिवशी देखभालीसाठी फीडर बंद राहणार नाही ना, याची आदल्या दिवशी चौकशी करा. पॅकेज उलगडत असताना वीज गेली तर सिस्टिम अर्धी १२ आणि अर्धी १३ अशी लटकते. पीसी इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर असलाच पाहिजे, आणि त्याची बॅटरी प्रत्यक्ष लोडवर किती वेळ टिकते ते मेन स्विच बंद करून आधीच बघा. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली काम असेल तर पीसीच्या पंख्यातली धूळ आधी उडवा. कर्नल बांधताना प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण ताकदीनं चालतो.

इशारा: सुरू करण्याआधी ड्राइव्हचा आणि स्पिंडलच्या व्हीएफडीचा (वेग नियंत्रकाचा) एमसीबी बंद करा. नुसतं इमर्जन्सी बटण दाबून भागणार नाही. पीसी बूट होताना पॅरलल पोर्टच्या पिना वरखाली होतात, आणि त्यावर रिले असेल तर स्पिंडल फिरू शकतो. आज पाच-सहा वेळा रीबूट होणार आहे.

## टप्पा २: आत्ता काय आहे ते लिहून काढा

वहीत, पेनानं लिहा. पीसीच बूट झाला नाही तर पीसीतली नोंद काय कामाची?

'युनेम -आर' आणि 'युनेम -व्ही' या दोन्हींचं उत्तर जसंच्या तसं उतरवा. दुसऱ्यात प्रीएम्प्ट_आरटी हा शब्द, म्हणजे रिअलटाइमची खूण, दिसला पाहिजे. 'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' मधली पूर्ण ओळ उतरवा. आयसोलसीपीयूज किंवा सी-स्टेटची मर्यादा यांसारखे पर्याय तिथेच दिसतात आणि लेटन्सीचा, म्हणजे कर्नलच्या प्रतिसादाला होणाऱ्या उशिराचा, अर्धा खेळ त्यांच्यावर असतो. 'आयपी लिंक' चालवून नेटवर्क कार्डांची नावं घ्या. 'डीकेएमएस स्टेटस' चालवून बाहेरचे ड्रायव्हर कोणते ते बघा. 'एपीटी-मार्क शोहोल्ड' चालवून कोणती पॅकेजं अडवून ठेवलेली आहेत ते लिहा.

मग लेटन्सी. लिनक्ससीएनसीचं लेटन्सी-टेस्ट एक तास चालू ठेवा, आणि त्या वेळात पीसीला मुद्दाम त्रास द्या. मोठी फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करा, ब्राउझर उघडा, खिडक्या इकडून तिकडे ओढा. कमाल आकडा लिहा. पॅरलल पोर्टवरून सॉफ्टवेअर स्टेपिंग असेल तर १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत उत्तम. ३० ते ५० ला काम होतं, वेग थोडा कमी मिळतो. १०० च्या पुढे गेलं तर तो पीसी या कामाचा नाही. मेसा कार्ड असेल तर मोटरच्या स्टेप ते कार्डच तयार करतं, त्यामुळे तिथे इतकी ओढाताण नसते. पण तुमच्या मशीनचा आजचा आकडा हीच तुमची फूटपट्टी. तो नसेल तर अपग्रेडनंतर "पहिल्यासारखं चालतंय का" या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

## टप्पा ३: बॅकअप

पूर्ण डिस्कची प्रतिमा सगळ्यात चांगली. सीएनसीच्या पीसीत बहुधा १२० किंवा २४० जीबीची एसएसडी असते. लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून क्लोनझिलानं ती दुसऱ्या डिस्कवर घ्या. ज्यांना तेवढं जमत नाही त्यांनी निदान हे घ्यावं: /ईटीसी पूर्ण, /बूट पूर्ण, /लिब/मॉड्यूल्स मधलं तुमच्या कर्नलच्या नावाचं फोल्डर, /व्हार/लिब/डीपीकेजी, आणि होममधलं लिनक्ससीएनसी/कॉन्फिग्ज. या शेवटच्या फोल्डरमध्ये पिचची भरपाई, बॅकलॅश, होमिंगचे ऑफसेट सगळं असतं. ते पुन्हा काढायला डायल लावून दोन दिवस जातात.

कर्नलच्या .डेब (पॅकेजच्या) फाइली आणि .कॉन्फिग फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. .कॉन्फिग हरवली असेल तर /बूट मध्ये कॉन्फिग- आणि पुढे कर्नलचं नाव अशी फाइल असते, ती तीच आहे.

तपासणी: बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या पीसीवर उघडून बघा.

## टप्पा ४: परतीचा कर्नल आधी बसवा

लोक हा टप्पा गाळतात आणि मग अडकतात. कस्टम कर्नलवर वर्षानुवर्षं चाललेल्या पीसीवर डेबियनचा साधा कर्नल कधीच काढून टाकलेला असतो, नाहीतर असतो पण त्यावरून कुणी बूट करून बघितलेलं नसतं. अपग्रेडच्या मध्ये कस्टम कर्नलनं दगा दिला तर उभं राहायला जागा नाही.

अजून १२ वर असतानाच 'एपीटी इन्स्टॉल लिनक्स-इमेज-एएमडी६४' करा. मग रीबूट करून ग्रबच्या यादीतून मुद्दाम तो साधा कर्नल निवडा. लिनक्ससीएनसी चालवायचं नाही. लॉगिन होतंय, कीबोर्ड चालतोय, नेट लागतंय, एवढंच बघा आणि परत आपल्या कर्नलवर या.

जागा बघा. 'डीएफ -एच /बूट'. वेगळं /बूट पार्टिशन असेल तर डेबियनच्या प्रकाशन टिपांनुसार ते किमान ७६८ एमबीचं हवं आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळी हवी. डेबियन १० किंवा त्याआधी बसवलेल्या पीसीवर ते बहुधा लहानच असतं. अपग्रेडच्या मध्ये /बूट भरलं की इनिट्रॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल, अर्धवट लिहिली जाते, आणि अशा कर्नलवरून मशीन उठत नाही. जुने, न वापरलेले कर्नल आत्ताच 'एपीटी पर्ज' नं काढा. चालू कस्टम कर्नल आणि नुकताच तपासलेला साधा कर्नल, हे दोन सोडून.

## टप्पा ५: आपल्या कर्नलचं नाव आणि पोट तपासा

नाव. कर्नल बांधताना लोकलव्हर्जन (नावाला जोडायचं शेपूट) रिकामं सोडलं असेल, किंवा डेबियनच्या कर्नलसारखंच नाव निघालं असेल, तर रिपॉझिटरीतलं, म्हणजे डेबियनच्या पॅकेज भांडारातलं, त्याच नावाचं पॅकेज तुमच्यावर लिहून जाऊ शकतं. 'डीपीकेजी -एल' च्या यादीत तुमच्या लिनक्स-इमेजच्या नावाला स्वतःचं शेपूट आहे का बघा, उदाहरणार्थ ६.१ च्या आकड्यानंतर -आरटी-मिल१. शेपूट असेल तर एपीटी, म्हणजे पॅकेजं बसवणारी डेबियनची कमांड, त्याला बदलत नाही. तरी खबरदारी म्हणून त्या इमेजवर आणि तिच्या हेडरवर 'एपीटी-मार्क होल्ड' लावा.

होल्ड फक्त या दोनच पॅकेजांवर. "नवा कर्नल नको" म्हणून लिनक्स-इमेज-एएमडी६४ वर होल्ड लावणारे पुष्कळ भेटतात. त्यामुळे १३ चा परतीचा कर्नल येतच नाही. लिनक्ससीएनसीवर किंवा इतर कशावर जुना होल्ड असेल तर 'एपीटी-मार्क अनहोल्ड' करा, नाहीतर फुल-अपग्रेड अवलंबित्वांच्या गुंत्यात अडकतं.

लिनक्स-लिबसी-डेव्ह. 'मेक बिनडेब-पीकेजी' नं कर्नल बांधला की तीन-चार .डेब निघतात आणि लोक 'डीपीकेजी -आय *.डेब' करून सगळेच बसवतात. त्यातलं लिनक्स-लिबसी-डेव्ह बसवायचं नसतं. ते डेबियनच्या त्याच नावाच्या पॅकेजची जागा घेतं आणि पुढे अपग्रेडच्या वेळी आवृत्तीचा घोळ करतं. तुमच्याकडे ते बसलेलं असेल तर 'एपीटी पॉलिसी लिनक्स-लिबसी-डेव्ह' मध्ये दिसेल. बसलेली आवृत्ती कुठल्याच रिपॉझिटरीशी जुळणार नाही. त्याच कमांडमध्ये दिसणारा डेबियनचा आकडा बरोबरच्या चिन्हानंतर देऊन 'एपीटी इन्स्टॉल' करा आणि मूळ आवृत्ती परत आणा.

पोट. हलका कर्नल करण्याच्या नादात नको ते काढलेलं असतं. /बूट मधल्या कॉन्फिग फाइलमध्ये ग्रेपनं हे शोधा: डेव्हटीएमपीएफएस, टीएमपीएफएस, सीग्रुप्स, इनोटिफाय_युझर, एफहँडल. सिस्टिमडीला, म्हणजे सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, हे लागतातच. डेबियन १३ मध्ये /टीएमपी आपोआप मेमरीतल्या टीएमपीएफएसवर जातं, म्हणून तो पर्याय तर हवाच. आणि कॉन्फिग_आरडी_झेडएसटीडी. डेबियन १२ पासून इनिट्रॅमएफएस झेडएसटीडीनं दाबली जाते. ११ च्या काळात बांधलेल्या, कापलेल्या कर्नलमध्ये हा पर्याय नसेल तर इनिट्रॅमएफएस पुन्हा तयार झाल्याच्या पुढच्या बूटला "अननोन-ब्लॉक(०,०)" असं म्हणत कर्नल पॅनिक (कर्नल सुरूच न होता थांबणं) येऊ शकतो. लोक डिस्क गेली समजून एसएसडी बदलायला निघतात. पर्याय नसेल तर /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/इनिट्रॅमएफएस.कॉन्फ मध्ये कॉम्प्रेस=जीझिप करा. जीझिपचा पर्याय बहुतेक प्रत्येक कर्नलमध्ये असतो.

मेसाचं ईथरनेट कार्ड वापरत असाल तर नेटफिल्टर आणि आयपीटेबल्सचे पर्यायही बघा. लिनक्ससीएनसीचा ईथरनेट ड्रायव्हर त्या लाइनवरची इतर रहदारी रोखायला आयपीटेबल्स वापरतो.

## टप्पा ६: ग्रबला नाव सांगा, आकडा नाही

/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड आणि ग्रब_टाइमआउट=१० करा, मग 'अपडेट-ग्रब'.

आता चूक कुठे होते ते बघा. कित्येकांनी ग्रब_डिफॉल्ट=२ किंवा "१>२" असं क्रमांकानं लिहिलेलं असतं. नवा कर्नल यादीत वर घुसला की सगळे क्रमांक एक-एक घर खाली सरकतात आणि तुमचा दोन नंबर दुसऱ्याच कर्नलचा होतो. क्रमांक लिहू नका. /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी उघडा आणि तुमच्या कर्नलच्या मेन्यूएंट्री ओळीत जीएनयूलिनक्स- नं सुरू होणारी लांब ओळख असते ती उचला. तो कर्नल सबमेन्यूच्या आत असेल तर आधी सबमेन्यूची ओळख, मग > हे चिन्ह, मग कर्नलची ओळख, मध्ये जागा न सोडता.

'ग्रब-सेट-डिफॉल्ट' ला हे सगळं अवतरणचिन्हांत द्या. अवतरणं विसरलात तर शेल > चा अर्थ "फाइलमध्ये लिही" असा लावतो. चूक झाल्याचा एकही संदेश येत नाही, फोल्डरमध्ये एक विचित्र नावाची फाइल तयार होते आणि ग्रबकडे अर्धंच नाव पोचतं.

तपासणी: 'ग्रब-एडिटएन्व्ह लिस्ट' मध्ये सेव्ह्ड_एंट्री पूर्ण दिसते का? दिसली की रीबूट करा आणि काहीही न निवडता मशीन आपल्याच कर्नलवर येते का ते बघा. हे होईपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ७: सिस्टिम बदला, कर्नल तोच

आधी १२ पूर्ण ताजं करा: 'एपीटी अपडेट', 'एपीटी फुल-अपग्रेड'. मग 'डीपीकेजी --ऑडिट'. त्यानं काहीच छापलं नाही तर ठीक.

/ईटीसी/एपीटी खालच्या सगळ्या सोर्स फाइलींमध्ये बुकवर्म (म्हणजे १२) च्या जागी ट्रिक्सी करा. सिक्युरिटी आणि अपडेट्सच्या ओळी विसरू नका. बाहेरच्या रिपॉझिटरींच्या ओळी सध्या # लावून बंद करा. लिनक्ससीएनसी डेबियनच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतही आहे, पण पॅकेजचं नाव लिनक्ससीएनसी-युस्पेस असं आहे. तुम्ही पूर्वी बाहेरून घेतलं असेल तर आवृत्तीची तुलना करून ठेवा. सोर्समध्ये सांकेतिक नावाऐवजी स्टेबल असा शब्द कुणी लिहिला असेल तर तो आजच बदला. त्या शब्दामुळे साधं अपडेट करतानाही पीसी नकळत नव्या आवृत्तीकडे वळतो.

काम टीमक्समध्ये करा, म्हणजे डेस्कटॉप मध्येच बंद पडला तरी काम चालू राहतं. त्याआधी 'स्क्रिप्ट' कमांडनं सगळं फाइलमध्ये नोंदवायला लावा. मग क्रमानं:

१. एपीटी अपडेट
२. एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस
३. एपीटी फुल-अपग्रेड

दुसरी पायरी गाळू नका. ती आधी सोपी पॅकेजं उरकते, त्यामुळे तिसऱ्या पायरीत एपीटीला काढून टाकायला कमी सुचतं. तिसऱ्या पायरीआधी जी "काढली जातील" अशी यादी येते ती ओळ न् ओळ वाचा. त्यात तुमची लिनक्स-इमेज किंवा लिनक्ससीएनसी दिसलं तर 'एन' दाबा आणि का ते शोधा.

मध्ये प्रश्न येतील. सेवा रीस्टार्ट करू का, याला हो. कॉन्फिग फाइल नवी घेऊ का जुनी ठेवू, याला तुम्ही हात लावलेल्या फाइलींसाठी जुनीच ठेवा, 'डी' दाबून फरक बघून. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब बद्दल विचारलं तर डोळे झाकून "माझीच ठेव". कर्नलचे पॅरामीटर तिथेच आहेत.

संपल्यावर 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' सवयीनं चालवू नका. ती कमांड काही न सांगितल्यास फक्त सगळ्यात मोठ्या आकड्याच्या कर्नलची इनिट्रॅमएफएस नव्यानं बनवते, म्हणजे ६.१२ ची. '-के ऑल' जोडलंत तर तुमच्या जुन्या, चालत्या कर्नलची इनिट्रॅमएफएसही बदलते. आत्ता ती जशी आहे तशीच हवी.

## टप्पा ८: पहिला रीबूट

एमसीबी अजून बंदच. रीबूट करा. नवी सिस्टिम, जुना कस्टम कर्नल.

'युनेम -आर' वहीशी ताडून बघा. 'सिस्टिमसीटीएल --फेल्ड' मध्ये लाल काही आहे का? 'आयपी लिंक' मध्ये कार्डाचं नाव तेच आहे का? मेसा कार्डाचा स्थिर आयपी ज्या नावाला बांधलेला आहे ते नाव बदललं की कार्ड "सापडत नाही" आणि दोष मात्र कर्नलवर येतो.

पायथन ३.११ वरून ३.१३ झालं आहे. पिपनं बसवलेली मॉड्यूल जुन्या फोल्डरमध्येच राहिली, त्यामुळे स्वतः लिहिलेले पॅनल उघडणार नाहीत. ती पुन्हा बसवा. हालकम्पाइलनं बनवलेले स्वतःचे घटकही पुन्हा बांधा. नवा जीसीसी १४ हा कंपायलर पूर्वी नुसता इशारा देऊन सोडून द्यायचा अशा काही चुकांवर आता थेट अडतो, बहुधा एखादी हेडर फाइल जोडायची राहिलेली असते.

मग लेटन्सी-टेस्ट, पुन्हा एक तास. आकडा वहीतल्या आकड्याच्या आसपास असेल तर सिस्टिमचं काम झालं. इथे थांबून चार दिवस मशीन चालवायलाही हरकत नाही. मी स्वतः तसंच करतो.

## टप्पा ९: नव्या सिस्टिमवर नवा कर्नल

आधी एक प्रश्न: कस्टम कर्नल अजून लागतो का? रिअलटाइमचं काम कर्नल ६.१२ मध्ये मुख्य प्रवाहात आलं, वेगळा पॅच लावावा लागत नाही. डेबियनचं लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४ बसवून एक तास आकडा बघा. तो पुरत असेल तर आनंदानं तेच वापरा, सुरक्षा सुधारणा आपोआप येत राहतील. एखादा पॅच केलेला ड्रायव्हर आहे किंवा आकडा पुरत नाही, त्यांनी पुढे वाचा.

६.१२ मालिकेतला सगळ्यात ताजा सोर्स कर्नल.ऑर्ग वरून घ्या आणि होममध्ये उलगडा. /टीएमपी मध्ये नको, ते आता मेमरीत आहे आणि बांधणीत भरून जाईल. जुनी .कॉन्फिग तिथे ठेवून 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' करा. ही कमांड एक शब्द न बोलता निर्णय घेते, म्हणून नंतर 'स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग' नं जुनी आणि नवी फाइल ताडून बघा. खास करून:

कॉन्फिग_एक्स्पर्ट चालू हवं. प्रीएम्प्ट_आरटी त्याच्यावर अवलंबून आहे. एक्स्पर्ट नसेल तर ओल्डडेफकॉन्फिग आरटी गुपचूप काढून टाकतं आणि तीन तास बांधून हातात साधा कर्नल येतो.

सिस्टिम_ट्रस्टेड_कीज रिकामं करा. डेबियनच्या कॉन्फिगमधून आलेलं असेल तर तिथे डेबियनच्या प्रमाणपत्राच्या फाइलीचा पत्ता असतो, ती तुमच्याकडे नाही, आणि बांधणी मध्येच तुटते.

डीबग_इन्फो_नन निवडा. नाहीतर डिस्क भरते आणि वेळ वाढतो.

लोकलव्हर्जनमध्ये लहान अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच. मोठं अक्षर किंवा खालची रेघ पॅकेजच्या नावाला चालत नाही. नाव जुन्यापेक्षा वेगळं ठेवा.

'मेक लोकलमॉडकॉन्फिग' वापरणार असाल तर त्याआधी जॉगचा पेंडंट, पेनड्राइव्ह, यूएसबी लॅन, सगळं पीसीला लावून ठेवा. त्या क्षणी जे मॉड्यूल चालू आहे तेवढंच ते ठेवतं. जालन्याच्या एका शॉपमध्ये नवा कर्नल सुंदर चालला, पण जॉबच्या फाइली पेनड्राइव्हवरून येईनात. बांधताना पेनड्राइव्ह लावलेला नव्हता, एवढंच कारण.

मग 'मेक -जे४ बिनडेब-पीकेजी'. बायसन, फ्लेक्स, बीसी, डेबहेल्पर, आरसिंक आणि लिबएल्फ, लिबएसएसएल यांची डेव्ह पॅकेजं आधी बसवा. निघालेल्यांपैकी फक्त लिनक्स-इमेज आणि लिनक्स-हेडर्स बसवा. 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये नव्या कर्नलसमोर इन्स्टॉल्ड आलं पाहिजे. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' मध्ये सिक्युअर बूट चालू दिसलं तर सही नसलेला तुमचा कर्नल उठणार नाही. सिक्युअर बूट बायोसमधून बंद करा.

## टप्पा १०: एकदाच बूट करून बघा

डिफॉल्ट बदलू नका. 'ग्रब-रीबूट' ला नव्या कर्नलची पूर्ण ओळख द्या, अवतरणांत. त्यानं फक्त पुढचं एक बूट नव्या कर्नलवर होतं, त्यानंतर पुन्हा जुना. कर्नलच्या पॅरामीटरमध्ये पॅनिक=३० जोडून 'अपडेट-ग्रब' केलं असेल तर पॅनिक झाल्यावर तीस सेकंदांनी मशीन आपणहून जुन्या कर्नलवर परत येते. पैठणहून वाळूजची मशीन बघणाऱ्याला याचं मोल कळेल.

इशारा: /बूट जर एलव्हीएम, रेड किंवा बीटीआरएफएसवर असेल तर ग्रबला "एकदाच" ची खूण स्वतः पुसता येत नाही, आणि मशीन पुन्हा पुन्हा नव्याच कर्नलवर जाते. अशा पीसीवर हे काम समोर बसूनच करा.

'युनेम -व्ही' मध्ये प्रीएम्प्ट_आरटी. लेटन्सी-टेस्ट एक तास. आकडा पटला की मगच ड्राइव्हचा एमसीबी चालू करा, स्पिंडलचा नाही. टेबलवर डायल लावा, सुई शून्यावर आणा, ॲक्सिस १०० मिलिमीटर पुढे-मागे पूर्ण रॅपिडला पन्नास वेळा पळवा आणि परत त्याच जागी आणा. सुई शून्यावर यायला हवी. एका दिशेनं सरकत गेली तर स्टेप हरवत आहेत. मग झेड वर उचलून रोजचा एक प्रोग्राम हवेत चालवा, मग स्पिंडल, मग भंगारातल्या तुकड्यावर खरा कट.

एवढं झाल्यावर 'ग्रब-सेट-डिफॉल्ट' नं नवा कर्नल कायम करा, त्याच्या पॅकेजांवर होल्ड लावा आणि जुन्यावरचा काढा. जुना कर्नल महिनाभर तरी पुसू नका. 'एपीटी ऑटोरिमूव्ह' आत्ता चालवू नका. चालवाल तेव्हा यादी वाचून.

वहीतलं नवं पान, म्हणजे कर्नलचं पूर्ण नाव, ग्रबची ओळख, लेटन्सीचा आकडा आणि तारीख, एका कागदावर उतरवून पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.